हार्ड डिस्कची परीक्षा रात्री अकरानंतर घ्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण डेस्कटॉपसाठीच्या नव्या हार्ड डिस्कांची तुलना छापली होती. डावीकडे कंपन्यांची नावे, पुढे वेग, आवाज आणि टिकाऊपणा असे तीन रकाने, आणि प्रत्येक रकान्यात पाचपैकी तारे. तक्ता देखणा होता. चहा पिता पिता मी तो दोनदा वाचला आणि दुसऱ्या खेपेला चहा गार झाला. कारण वेगाच्या रकान्यात जिला साडेचार तारे दिलेत, ती डिस्क गेल्या पावसाळ्यापासून माझ्या घरात आहे आणि तिने माझी एक शनिवार रात्र, अख्खा रविवार आणि सोमवारची सकाळ खाल्ली आहे. तिचे नाव इथे लिहीत नाही. माझे भांडण कंपनीशी नाही, मोजण्याच्या पद्धतीशी आहे.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. १९९६ पासून लग्नांचे, जत्रांचे, कुस्त्यांचे शूटिंग करत आलो. आता कॅमेरा पुतण्याच्या खांद्यावर आहे आणि मी घरी बसून जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवतो. व्हीएचएसच्या बऱ्याचशा बुरशीने गेल्या. मिनी डीव्हीच्या मात्र तीनशे शाबूत आहेत. त्यात जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्या आहेत, खासबागेतली कुस्तीची मैदाने आहेत, आणि ज्यांच्या लग्नात मी घामाघूम होऊन फिरलो त्यांच्या पोरांचीही आता लग्ने झाली, अशी कितीतरी बिऱ्हाडे आहेत. मिनी डीव्हीचा हिशेब सोपा. तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो आणि तिची फाइल साधारण १३ जीबीची होते. तीनशे कॅसेटी म्हणजे ३.९ टीबी. चार टीबीच्या एका डिस्कमध्ये मावतात, जेमतेम.

तासाला १३ जीबी म्हणजे सेकंदाला साडेतीन एमबीच्या किंचित वर. एवढे तर पंधरा वर्षांपूर्वीची डिस्कसुद्धा डोळे मिटून लिहिते. म्हणजे ज्या वेगासाठी आपण तारे उधळलेत, त्याची मला रोजच्या कामात काडीची गरज नसते. वेग लागतो तो सगळ्याची दुसरी प्रत काढताना, आणि नेमका तिथेच तो पळून जातो. त्याचीच ही हकीकत.

दुसऱ्या प्रतीसाठी नवी डिस्क घ्यायला मी राजारामपुरीत गेलो. काउंटरवरचा पोरगा चुणचुणीत. त्याने विचारले, "काका, वन टीबी, टू टीबी का फोर?" मी म्हटले चार, पण त्यातली चांगली कुठली? तो म्हणाला, "सगळ्या सारख्याच असतात ओ. ही घ्या, ही फास्ट आहे." घेतली. पावतीवर लिहिले होते, 'एचडीडी ४ टीबी, १ नग'. किराणा दुकानातसुद्धा तांदूळ इंद्रायणी की घनसाळ हे लिहून देतात.

शनिवारी रात्री दहाला कॉपी लावली. सुरुवातीला सेकंदाला १७०-१८० एमबीचा आकडा दिसत होता. सरासरी दीडशे धरली तरी पहाटे पाच-साडेपाचला उरकेल असा हिशेब करून आडवा झालो. मध्यरात्री पाणी प्यायला उठलो तर आकडा ४०. थोडा वेळ बघत बसलो. ४० चे २५ झाले, मग चक्क शून्य, मग ६०, पुन्हा ३०. घाटात उसाचा ट्रॅक्टर पुढे असावा तसे. कॉपी संपली ती सोमवारी सकाळी नऊला. ३५ तास! सरासरी काढली तर सेकंदाला ३१ एमबी. आधी वाटले केबल खराब. केबल बदलली, पोर्ट बदलला, पुतण्याच्या मशीनला लावून पाहिली. तिथेही तेच. डिस्कमध्ये बिघाड काहीच नव्हता. तिचा स्वभावच तसा होता, आणि तो खोक्यावर कुठेही लिहिलेला नव्हता.

हा स्वभाव म्हणजे एसएमआर. आमच्या पेठेतली जुनी घरे कौलारू आहेत, त्यामुळे मला तो समजायला वेळ लागला नाही. डिस्कच्या तबकडीवर माहिती गोल गोल वर्तुळांच्या ओळींत लिहिली जाते. लिहिणारे हेड रुंद असते, वाचणारे अरुंद. तेव्हा जागा वाचवण्यासाठी एक युक्ती केली. एका ओळीची कड पुढच्या ओळीखाली दाबायची, कौलावर कौल चढवतात तसे. वाचण्यापुरती पट्टी उघडी राहिली की झाले. त्याच तबकडीत जास्त माल बसतो, डिस्क स्वस्त पडते. पण मधले एक कौल बदलायचे झाले तर त्यावर चढलेली पुढची कौलेही उचलावी लागतात आणि पुन्हा बसवावी लागतात. एसएमआर डिस्क मधली एक ओळ बदलताना हेच करते. एका पट्ट्यातली पुढची सगळी माहिती वाचून घेते आणि पुन्हा लिहिते. दुसरी जात सीएमआर. तिथे प्रत्येक ओळ सुटी, सरीतल्या उसासारखी. एक बदलली तर शेजारच्या ओळीला धक्का नाही.

आता गंमत अशी, की एसएमआर डिस्कला आपले हे दुखणे माहीत असते. म्हणून ती काही जागा साध्या पद्धतीची राखून ठेवते, घरापुढच्या अंगणासारखी. आलेला माल आधी तिथे पटापट टाकते आणि मग आपण थांबलो की निवांतपणे कौलांखाली लावत बसते. थोडेसेच लिहिणाऱ्याला काही कळत नाही. त्याला ती वेगवानच वाटते. माल येतच राहिला तर अंगण भरते, आणि मग तिची तारांबळ उडते. आपल्या तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते की प्रत्येक डिस्क रिकामी असताना तिची पाच मिनिटे चाचणी घेतली. म्हणजे आपण फक्त अंगण मोजलेत. आणि रिकामी डिस्क मोजण्यात आणखी एक चूक आहे. डिस्क भरायला सुरुवात होते ती बाहेरच्या कडेने. बाहेरचे वर्तुळ मोठे, एका फेऱ्यात जास्त माहिती हेडखालून जाते. आत सरकत गेलो की वर्तुळ लहान होत जाते, फेऱ्यांची गती मात्र तीच. म्हणून सुरुवातीला १८० देणारी डिस्क भरत आल्यावर जवळपास निम्म्यावर येते. हे एसएमआर-सीएमआर दोघींनाही लागू आहे. चार टीबीची डिस्क कोणी रिकामी ठेवायला घेत नाही.

हा लपवाछपवीचा मामला काही माझ्या एकट्याच्या नशिबी आलेला नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये जगभर यावरून गदारोळ झाला होता. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेत, म्हणजे जी डिस्क चोवीस तास चालणाऱ्या नॅससाठी (नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायचा साठवणीचा डबा) म्हणून विकली जाते तिच्यात, २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत एसएमआर असल्याचे उघड झाले. गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर कंपनीने कुठल्या मॉडेलमध्ये काय आहे याची यादी जाहीर केली आणि पुढे सीएमआर डिस्कांना रेड प्लस असे वेगळे नाव दिले. त्याच सुमारास सीगेट आणि तोशिबा यांच्याही काही डेस्कटॉप डिस्कांत एसएमआर असल्याचे त्या कंपन्यांनी मान्य केले. हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता उरल्यात याच तीन. मॅक्स्टर सीगेटने घेतली, सॅमसंगचा डिस्कचा धंदाही सीगेटने घेतला, हिताचीची डिस्क कंपनी वेस्टर्न डिजिटलने. म्हणजे एकीवर रुसून गिऱ्हाईक जाणार तरी कुठे! तेव्हा कंपनी बघण्यापेक्षा मॉडेल नंबर बघा. या याद्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. दुकानात उभ्या उभ्या फोनवर दोन मिनिटांत बघता येतात.

एवढे झाल्यावर वेगाचे बाकीचे थोडक्यात उरकतो. 'मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे वेगवान, ५४०० म्हणजे मंद' हे अर्धेच खरे. ७२०० ची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत घेते, ५४०० ची ११.१. हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून उचलायच्या असतील तर हा फरक जाणवतो. मोठी सलग फाइल असेल तर तबकडीवर माहिती किती दाटीने बसवली आहे त्यावर बरेच ठरते. माझी जुनी पाचशे जीबीची ७२०० वाली सेकंदाला ११० च्या वर जात नाही, अलीकडची एक ५४०० वाली १७५ देते. आणि ज्यांना कॉम्प्युटर चटकन सुरू व्हायला हवा आहे त्यांनी या भानगडीत पडूच नये. विंडोजसाठी लहानशी एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली चिपांची डिस्क घ्यावी, ती मुकीही असते. पण चार टीबीची एसएसडी माझ्यासारख्याच्या खिशाला झेपत नाही, म्हणून फिरती तबकडी.

आता आवाज. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा जरा सोसा.

आपण आवाजाच्या रकान्यातही तारेच दिलेत. कंपन्यांच्या पत्रकात निदान डेसिबल असतात, पण तेही फसवे. २३ आणि २६ यांत लोकांना तीनाचाच फरक दिसतो, प्रत्यक्षात तीन डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ताकद दुप्पट. शिवाय तो आकडा प्रयोगशाळेत एकट्या डिस्कचा काढलेला. आपल्या घरी डिस्क असते पातळ पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये चार स्क्रूंनी आवळलेली, आणि तो पत्रा तबल्याच्या पुडीसारखा तिचा सूर उचलतो. माझे कॉम्प्युटरचे टेबल आणि आईची खाट यांच्यामध्ये एक भिंत आहे, साडेचार इंची. आई ८४ वर्षांची. नवी डिस्क लावली त्या रात्री तिने आतून हाक मारली, "वरच्या टाकीची मोटार चालू राहिली काय रे?"

मोटार बंद होती. मी कान दिला. मी आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, सूर ऐकला की बोट आपोआप पट्टीवर जाते. पेटी काढली आणि डिस्कचा सूर शोधला. खालच्या सप्तकात काळी पाच आणि तिच्या पुढची पांढरी यांच्या मध्ये कुठेतरी तो बसत होता. पुतण्याने फोनवर एक ॲप लावून आलेख दाखवला. खांब उभा होता १२० हर्ट्झवर. आता साधे गणित करा. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. मिनिटाला ५४०० म्हणजे सेकंदाला ९०. जुन्या ५४०० च्या डिस्कचा खांब बरोबर ९० वर, काळी तीनच्या जरा खाली. ९० आणि १२० यांचे नाते तीनास चार. म्हणजे ५४०० चा सूर षड्ज धरला तर ७२०० ची डिस्क शुद्ध मध्यम गाते! दोन्ही डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये लावल्या तेव्हा बायको म्हणाली की आता पखवाजाचीच कमी आहे.

पण यात थट्टेपलीकडचा मुद्दा आहे. नव्या डिस्कच्या माहितीपत्रकात छापले होते '५४०० आरपीएम क्लास'. हा 'क्लास' शब्द काय करतो हे मला पेटीने सांगितले. २०२० मध्येच काही चिकित्सक लोकांनी वेस्टर्न डिजिटलच्या '५४०० क्लास' लिहिलेल्या काही डिस्कांचा आवाज असाच मोजला होता आणि त्या प्रत्यक्षात ७२०० ने फिरतात हे दाखवले होते. कंपनीचे म्हणणे असे पडले की 'क्लास' म्हणजे कामगिरीची श्रेणी, फेऱ्यांचा आकडा नव्हे. कोणी म्हशीच्या दुधाला 'गाय क्लास' म्हणून विकले तर गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर त्याचे काय होईल ते मी इथे लिहीत नाही. जास्त फेरे म्हणजे जास्त आवाज, जास्त उष्णता, जास्त वीज. गिऱ्हाइकाने शांत डिस्क हवी म्हणून मुद्दाम ५४०० मागितली आणि त्याला मिळाली ही.

डिस्कचे आवाज चार प्रकारचे, तेही आपल्या रकान्यात एकत्र कोंबले गेलेत. तबकडी फिरण्याची गुणगुण, ही सततची. हेड इकडून तिकडे धावतानाची कटकट, ही कामापुरती. हेड जागेवर जाऊन बसतानाचा एकच 'टक्', हा काही डिस्का दर थोड्या वेळाने करतात आणि रात्री तोच जास्त खुपतो. आणि चौथा म्हणजे ठरावीक लयीत टक्, टक्, टक्, मग गप्प, मग पुन्हा टक्, टक्, टक्. हा ऐकू आला तर संगणक ताबडतोब बंद करा आणि देवाचे नाव घ्या. एसएमआर डिस्कची आणखी एक खोड मला रात्रीच कळली. कॉम्प्युटरवर काहीही चालू नसताना, एक-दीड वाजता, ती आपली कटकट करत बसते. दिवसा अंगणात टाकलेला माल कौलांखाली लावण्याचे तिचे काम तेव्हा चालू असते. पहिल्यांदा मला वाटले व्हायरस आला.

उपाय केला तो देशी. उद्यमनगरात एका ओळखीच्या कारखान्यातून रबराचे चार जाड वॉशर आणले, स्क्रू त्यांतून घातले, पत्र्याला लोखंडाचा थेट स्पर्श राहू दिला नाही. कॅबिनेट टेबलावरून उतरवून जाड तरटावर ठेवले. गुणगुण निम्म्याहून खाली गेली. आईची हाक पुन्हा आली नाही. काहीजण डिस्क स्पंजात गुंडाळतात. तसे मात्र करू नका, तिला वारा लागला पाहिजे. आणि तिच्या अंगावर एक बारीक भोक असते, शेजारी 'हे झाकू नका' असे छापलेले. आतबाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेले असते. ते चिकटपट्टीने बंद केलेले मी पाहिले आहे, धूळ जाऊ नये म्हणून! धुळीसाठी आत गाळणी असते.

आवाज डिस्ककडून आपल्याकडे येतो तसाच आपल्याकडून डिस्ककडेही जातो, हे फार थोड्यांना माहीत आहे. हेड आणि तबकडी यांत काही नॅनोमीटरचे अंतर असते, केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी. २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या यंत्रणेची चाचणी घेतली. गॅस सुटतानाच्या प्रचंड आवाजाने कितीतरी हार्ड डिस्का बिघडल्या आणि बँकेचे व्यवहार काही तास ठप्प झाले. आता आपल्याकडच्या विसर्जन मिरवणुकीतली डॉल्बी आठवा. आमच्या खिडक्यांची तावदाने वाजतात. मी अनंत चतुर्दशीला दुपारीच मशीन बंद करतो, पुतण्या हसला तरी.

राहिला टिकाऊपणा. इथे आपण कंपनीला तारे दिलेत, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

टिकाऊपणा असा पाच मिनिटांत, पाच आठवड्यांतही मोजता येत नाही. त्यासाठी हजारो डिस्का वर्षानुवर्षे चालवाव्या लागतात. अमेरिकेतली बॅकब्लेझ नावाची कंपनी लोकांच्या माहितीच्या प्रती सांभाळण्याचा धंदा करते. तिच्याकडे तीन लाखांहून अधिक डिस्का फिरतात आणि २०१३ पासूनची त्यांची नोंद ती सर्वांसाठी खुली ठेवते. त्या नोंदीत वर्षाला शंभरातल्या किती डिस्का मेल्या याचे आकडे आहेत. २०२१ मध्ये १.०१, २०२३ मध्ये १.४०, २०२४ मध्ये १.५७. ही झाली सरासरी. मॉडेलवार पाहिले तर एकाच कंपनीचे एक मॉडेल एकाच्याही खाली आणि दुसरे कितीतरी वर. सीगेटची तीन टीबीची एसटी३०००डीएम००१ तिथे इतकी मेली की २०१६ मध्ये अमेरिकेत गिऱ्हाइकांनी दावा लावला. त्याच सीगेटची चार टीबीची डेस्कटॉप डिस्क त्याच ठिकाणी हजारोंच्या संख्येने अनेक वर्षे निमूटपणे चालली. मग सांगा, सीगेटला किती तारे द्यायचे? माझ्या वयाच्या लोकांना २००० सालच्या सुमाराची आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी आठवत असेल. डेस्कस्टारचे लोकांनी 'डेथस्टार' केले होते. आयबीएम म्हणजे तेव्हा खणखणीत नाणे. अर्थात बॅकब्लेझचे आकडेही जसेच्या तसे घ्यायचे नाहीत. तिथे थंडगार खोलीत चोवीस तास न थांबता, बहुतेक मोठ्या क्षमतेच्या डिस्का चालतात. आपल्याकडे दिवसातून चारदा चालू-बंद, उन्हाळ्यात पत्र्याखाली ४५ अंश, आणि वीज गेली की इन्व्हर्टरचा झटका.

माहितीपत्रकात आणखी एक आकडा मिरवला जातो, 'दहा लाख तास'. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे. खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले. तेव्हा शाहू महाराजांनी चालू केलेली डिस्क अजून फिरत असायला हवी होती. त्याचा खरा अर्थ इतकाच, की अशा हजार डिस्का वर्षभर चालवल्या तर त्यांतल्या नऊएक जातील. माझी त्या नवांत असेल की नाही हे तो आकडा सांगत नाही. त्यापेक्षा उपयोगाचे आकडे खालच्या ओळीत असतात आणि ते कोणी वाचत नाही. सीगेटच्या बॅराकुडाच्या पत्रकात वर्षाला २४०० तास चालवणे आणि ५५ टीबीचे काम धरलेले आहे. २४०० तास म्हणजे रोज साडेसहा तास. मी कॅसेटी उतरवताना रोज दहा तास मशीन चालू ठेवतो. नॅससाठीच्या आयर्नवुल्फच्या पत्रकात वर्षाचे सगळे ८७६० तास धरलेले आहेत. वॉरंटीतही हेच दिसते. बॅराकुडाला आणि वेस्टर्न डिजिटलच्या ब्लूला दोन वर्षे, आयर्नवुल्फ आणि रेड प्लसला तीन, ब्लॅकला पाच. कंपनीला आपल्या मालाबद्दल खरे काय वाटते ते वॉरंटीच्या वर्षांत उमटते, असा माझा सरळ समज आहे. शेवटी मी काम करण्यासाठी नॅसवाली सीएमआर घेतली आणि ती कौलारू डिस्क कपाटात ठेवण्याच्या प्रतीसाठी ठेवली. एकदा भरली की तिला फक्त वाचायचे आहे, आणि वाचताना ती कोणापेक्षा कमी नाही. एसएमआर वाईट असे मी म्हणत नाही. मला सांगून विका, एवढेच.

डिस्क मरण्याआधी सूचना देते का? कधी कधी. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, स्मार्ट म्हणतात तिला. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकटच्या प्रोग्रॅमने ती दिसते. खराब म्हणून बदललेल्या जागांची संख्या आणि संशयित जागांची संख्या हे दोन आकडे शून्यावरून हलले की दुसरी डिस्क आणायला निघावे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला होता. तपासणीत पहिला दोष सापडल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता ३९ पट होते, असे त्यात निघाले. पण त्याच अभ्यासात हेही होते, की मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांत महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. न सांगताच गेल्या.

त्या न सांगता जाण्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते मी २०१९ च्या महापुरात शिकलो. तेव्हा माझे दुकान शाहूपुरीत होते. खालच्या फळीवरची डिस्क दोन दिवस पाण्यात राहिली. कसली सीएमआर आणि कसले ७२००! त्या वेळी दुसरी प्रत गारगोटीला बहिणीच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली होती म्हणून त्या कॅसेटींतली लग्ने वाचली. बुडालेली डिस्क मी वाळवून लगेच लावून पाहिली, हा माझा गाढवपणा. आत गाळ असताना ती फिरली आणि जे वाचवता आले असते तेही खरवडून गेले. पाण्यातून काढलेल्या डिस्कला वीज द्यायची नसते.

आता 'नवी' या शब्दाबद्दल, कारण आपल्या लेखाचे शीर्षकच 'नव्या डिस्का' असे होते. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत उघडकीला आले, की सीगेटच्या मोठ्या एक्सॉस डिस्का हजारो तास वापरून, स्मार्टमधले तास शून्य करून, नव्या म्हणून विकल्या जात होत्या. चोरी पकडली ती डिस्कच्या आतल्या फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीने, तिच्यात खरे तास तसेच राहिले होते. तेव्हा घरी आणल्यावर आधी तास बघा, मग सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बघा. आणि अठरा टक्के वाचवण्यासाठी कच्चे बिल घेऊ नका. पक्के बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर दोन्ही लिहून मागा. दुकानदार जरा कुरकुरतो. लिहितो पण.

नव्या डिस्कवर लगेच मोलाचे काही टाकू नये, असा माझा शिरस्ता आहे. आधी तिचा कोपरा न् कोपरा एकदा लिहून, एकदा वाचून काढतो. चार टीबीला दीड-दोन दिवस लागतात. मग स्मार्टचे आकडे पुन्हा बघतो. एक डिस्क अशी पहिल्याच आठवड्यात परत दिली आहे. तेव्हा ती कोरी होती, गेली त्याचे काही वाटले नाही.

संपादक महाराज, पत्र लांबले, कापायचे तिथे कापा, पेटीचा भाग तेवढा ठेवा. पुढच्या वेळी अशी तुलना कराल तेव्हा कंपनीऐवजी मॉडेल नंबर छापा, शेजारी सीएमआर की एसएमआर ते छापा, डिस्क ऐंशी टक्के भरून मग तिच्यावर सलग पाच-सहाशे जीबी लिहा आणि तो आकडा छापा. पाच मिनिटांचा नको. टिकाऊपणाचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, त्या जागी वॉरंटीची वर्षे टाका. आवाजाची परीक्षा मात्र आपल्या कार्यालयात होणार नाही, तिथे एसी आणि छपाईची मशिने आहेत. त्यासाठी आपल्या प्रतिनिधीला माझ्याकडे पाठवा. चार डिस्का आहेत, पेटी आहे. रात्री अकरानंतर यावे, त्याआधी आमच्या गल्लीत बुलेटी थांबत नाहीत. आणि बोलताना आवाज बेताचा ठेवावा, पलीकडे आई झोपलेली असते.

आपला,
एक जुना शूटिंगवाला,
मंगळवार पेठ, कोल्हापूर